बदामापुढचे मौन

‘अभिजात प्रहसन “कोरडे लग्न” यातील प्रमुख भूमिकेची निवड ही पूर्णतः खुल्या पद्धतीने, तज्ज्ञांच्या समितीकडून आणि एकमताने झालेली असून, निवडलेल्या नटाने चाचणीत पाळलेले मौन हा त्याने सखोल चिंतनाअंती घेतलेला कलात्मक निर्णय होता.’

प्रादेशिक नाट्यगृहाच्या हंगामी पत्रकात हे वाक्य पहिल्याच पानावर छापले आहे. कागद गुळगुळीत आहे. असत्याला चांगला कागद लागतो. सत्य काय, वाण्याच्या पुडीवरही तग धरते.

एका वाक्यात चार विधाने. डॉ. नेविया फाब्रिस या नाट्यगृहाच्या नाट्यसल्लागार, आणि जुन्या संहितांवर बसलेली खोट्या पाठांची बुरशी खरवडून काढण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेलेले. छापील वाक्य समोर आले की त्याचे सांधे मोकळे केल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. हेही त्यांनी सोडले नाही.

‘खुली’. चाचणीच्या दिवशी जे उमेदवार आधी सभागृहात शिरले, त्यांनी दाराला आतून कडी घातली. बाहेर उरलेल्यांनी दार ठोठावले नाही, कारण ठोठावल्याने दार झिजते आणि दार सार्वजनिक मालकीचे होते. तेव्हा ‘खुली’ हा शब्द दाराने स्वतःच खोडून काढला आहे.

‘तज्ज्ञांची समिती’. समितीत तीन माणसे. एक डॉ. नेविया. दुसरे नाट्यगृहाचे संचालक एदो बुलात, ज्यांचे नाट्यविषयक ज्ञान फीत कोणत्या हाताने कापावी इथवर पोहोचले होते. तिसरे चाचणी जिथे झाली त्या बेटाचे नगराध्यक्ष श्योर मारिन; श्रीयुताला तिथे श्योर म्हणतात, श्रीमतीला श्योरा. रंगभूमीशी त्यांचा शेवटचा संबंध शाळेत आला होता, मेंढीच्या भूमिकेत, आणि तीही मागच्या रांगेतली मेंढी.

‘एकमत’. तिघांनी एकच नाव उच्चारले हे खरे. नगराध्यक्षांनी ते उच्चारले, कारण सगळ्या उमेदवारांत त्यांचा नातेवाईक नसलेला तेवढा एकच होता, आणि त्याला निवडल्याने बाकीचे सगळे त्यांच्यावर सारखेच रागावणार होते. बुलातांनी उच्चारले, कारण निवडलेला म्हातारा तालमीत कोसळेल याची त्यांना खात्री होती. डॉ. नेवियांनी उच्चारले, कारण त्यांना सत्याचे दर्शन घडले होते. तीन माणसे तीन वाटांनी येऊन एकाच विहिरीत पडली, तर त्याला एकमत म्हणत नाहीत.

राहिले चौथे विधान, मौनाचे. ते डॉ. नेवियांनी स्वतः लिहिले होते. म्हणजे ते खरे होते.

*

‘कोरडे लग्न’ हे प्रहसन त्या बेटावरच्याच एका औषधविक्याने लिहिले, त्याला आता शतक उलटून गेले. कंजूष श्योर बोनो आपल्या मुलीचे लग्न पाहुण्यांना एक घोट दारू न पाजता कसे उरकतो, एवढीच गोष्ट; पण श्योर बोनो वऱ्हाडाला बदाम मोजून देतो तो प्रवेश किनाऱ्यावरच्या प्रत्येक माणसाला तोंडपाठ आहे, चुकीचा. नटांनी पिढ्यान्‌पिढ्या घुसडलेले चावट विनोद काढून टाकून डॉ. नेवियांनी मूळ संहिता सिद्ध केली होती. आणि बुलातांना तिचा निम्मा भाग कापून तिथे गाणी घालायची होती.

गाणी गाणार होता दारियो. दारियो म्हणजे दूरदर्शनवरच्या गोडेतेलाच्या जाहिरातीत तळलेला मासा पाहून डोळे मिटणारा नट. डोळे मिटण्यापलीकडे त्याला काय येते हे अजून कोणी विचारले नव्हते.

डॉ. नेवियांनी नियामक मंडळापुढे एकच अट ठेवली. बेटावरच्या माणसांतून श्योर बोनो मिळाला, तर संहितेतला स्वल्पविरामही हलवायचा नाही. नाही मिळाला, तर दारियो, गाणी आणि कात्री.

बुलातांनी अट हसत मान्य केली. “अहो डॉक्टर, तो दारियो बिचारा पैसे घेऊन कंजूष व्हायला तयार आहे. पण भर गावात, चार ओळखीच्या माणसांसमोर, मी कंजूष आहे असं सांगायला कोण येणार? एक जरी आला ना, तर ह्या मिशा उतरवून तुमच्या हातात देईन.”

“मिशा राहू द्या,” डॉ. नेविया म्हणाल्या. “तुमच्या चेहऱ्यावर तेवढीच एक गोष्ट मूळची आहे.”

त्या निर्धास्त होत्या. बेटाच्या बोलीवरचे आणि आपल्या नाटककारावरचे प्रेम माणसांना खेचून आणील, असा त्यांचा सिद्धांत होता. माणसे आली. सिद्धांत मात्र बोटीतच राहिला.

त्या बेटाच्या काटकसरीवर सगळ्या किनाऱ्यावर विनोद सांगतात. बेटकऱ्यांना त्याचा राग येत नाही. त्यांची तक्रार एवढीच, की विनोद उगाच लांबवून सांगतात, निम्म्या शब्दांत भागले असते. ‘श्योर बोनोच्या भूमिकेसाठी योग्य व्यक्ती हवी’ ही जाहिरात त्यांनी वाचली आणि तिचा सरळ अर्थ घेतला: श्योर बोनोची गादी रिकामी आहे, आणि बेटावरच्या हयात माणसांत सर्वांत काटकसरी कोण याचा निवाडा सरकारी नाट्यगृह करणार आहे. अभिनयाचा विचार कोणाच्या मनात आला नाही. अंगात नाही त्याने अभिनय करावा.

दिवस दक्षिणेच्या वाऱ्याचा निघाला. हा वारा सुटला की त्या किनाऱ्यावर डोकी दुखतात, नवरा-बायको अबोला धरतात, आणि शहाणा माणूस कोणताही निर्णय घेत नाही. डॉ. नेवियांनी घ्यायचे ठरवले. सकाळच्या बोटीने उतरून त्यांनी धक्क्यावरच्या श्योरा पेरिनाच्या कॉफीघरात कॉफीचा कप अर्धाच संपवला, बशीखाली पैसे ठेवले आणि फोन घ्यायला म्हणून उठल्या त्या तशाच सभागृहात गेल्या. टेबलाशी न विचारता येऊन बसलेल्या एका उंच म्हाताऱ्याकडे त्यांनी नीट पाहिलेसुद्धा नाही. हा अर्धा कप वाचकांनी ध्यानात ठेवावा. बेटाने तो ठेवलाच.

सभागृह गच्च भरले होते. परीक्षक बसताच कोणीतरी उठून दिवे मालवले. “ऐकायलाच बसलोय ना आपण?” अंधारातून आवाज आला. “मग उजेड कशाला?” नगराध्यक्षांना हे पटले. बराच वाद होऊन व्यासपीठावरचा एक दिवा लागला, तोही ‘माणूस उभा असेपर्यंत’ या बोलीवर.

पहिल्या उमेदवाराने संहितेला हात लावला नाही. आपल्या घरच्या घड्याळाला फक्त पाहुणे आले की किल्ली देतात, असे त्याने शपथेवर सांगितले. पाहुणे नसताना वेळ हवी कोणाला? त्याच्यामागून दोघे भाऊ आले. चष्मा एक. दोघांच्या तोंडी संवाद असलेला उतारा त्यांनी निवडला आणि चौथ्या वाक्याला चष्म्यावरून हातघाईवर आले. काच फुटली तेव्हा दोघांनी मिळून असा टाहो फोडला की डॉ. नेवियांच्या लेखणीने क्षणभर ‘शक्यता’ असे टिपून घेतले.

मग काळ्या कपड्यांतली एक विधवा आली. भूमिका पुरुषाची आहे असे तिला सांगण्यात आले. तिने ते मनावर घेतले नाही.

“हे कपडे बघा,” ती म्हणाली. “नवरा धडधाकट होता तेव्हाच शिवून घेतले. त्या वर्षी काळं कापड स्वस्त होतं.”

“आणि त्यांना काही वाटलं नाही?” बुलातांनी विचारले.

“समजूतदार माणूस. म्हणाला, कापडाला कसर लागेल. वर्ष सरायच्या आत गेला बिचारा.”

सभागृहात आदराने माना डोलल्या.

उतारा अर्थातच बदाम मोजण्याचा होता, आणि त्यासाठी नाट्यगृहाने वाडगाभर खरे बदाम आणले होते. डॉ. नेविया तपशिलाच्या बाबतीत तडजोड करीत नसत. इथेही केली नाही, आणि ती करायला हवी होती. कारण दर उमेदवारागणिक वाडगा उथळ होत गेला. दुपारनंतर श्योरा पेरिनाचा भाऊ तोन्ची व्यासपीठावर चढला. बेटाचा खरा पैजेचा घोडा हाच. आवाज भरदार, उभे राहणे रुबाबदार, आणि घुसडलेले सगळे चावट विनोद पाठ. मोजता मोजता त्याने मूठभर बदाम तोंडात टाकले.

“श्योर बोनो मुलीच्या लग्नातसुद्धा बदाम खात नाही,” डॉ. नेवियांचा आवाज बर्फासारखा होता. “तुम्ही वाडगा संपवत आणलात.”

“बाई, हे बदाम नाट्यगृहाचे,” तोन्ची चघळत म्हणाला. “माझे असते, तर मी हात लावला असता का?”

सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तर्कशास्त्राच्या दृष्टीने उत्तर निर्दोष होते, आणि डॉ. नेवियांचा संताप नेमका त्यामुळेच वाढला. बुलात मिशांवरून हात फिरवू लागले होते. कंजुषांच्या शिरगणतीचा हा तमाशा संपत आला होता आणि श्योर बोनो कुठेच नव्हता. डॉ. नेवियांना दारियोचे मिटलेले डोळे दिसू लागले.

शेवटचे नाव बार्बा यादरे यांचे होते. वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे बार्बा म्हणतात. बार्बा दगडाच्या खाणीत उभी हयात काढलेले पाथरवट. उंच, हाडकुळे, गाल आत गेलेले, ओठ घट्ट मिटलेले. ते व्यासपीठावर आले आणि त्यांनी वाडग्यात पाहिले. वाडग्यात एक बदाम उरला होता.

बार्बांनी संहिता बाजूला ठेवली. बदाम दोन बोटांत धरला. दिव्यापुढे धरून न्याहाळला. मग अगदी सावकाश तो ओठांपर्यंत नेला. आणि तिथे हात थांबला. त्या आत गेलेल्या गालांवर काहीतरी हलले. डोळ्यांत आधी लालसा होती, मग आठवण, मग इतके निखळ दुःख की पुढच्या रांगेतल्या विधवेने पदरासारखी आपली काळी शाल तोंडाला लावली. हात खाली आला. बदाम वाडग्यात गेला. बार्बांनी डोक्यावरची टोपी काढून वाडग्यावर पालथी घातली, शेजारी हात बांधून उभे राहिले आणि सभागृहाकडे अशा नजरेने पाहू लागले की कोणाची जागेवरून हलायची छाती झाली नाही.

एक शब्द नाही. आधी कोणी हसले नाही. मग हशाचा असा लोट उठला की दाराची कडी आपोआप निघाली.

“थांबा,” डॉ. नेविया उभ्या राहिल्या. “मिळाला.”

“अहो, पण ते बोलले कुठे?” बुलात म्हणाले. “वाक्य तरी म्हणू द्या.”

“बोलणं हाही खर्चच आहे, साहेब. श्योर बोनोला हे कळतं. ह्यांना हे कळलं. तुम्हाला कळायला अजून दोन हंगाम लागतील.”

आणि तिघांनी मिळून, वर सांगितलेल्या तीन कारणांनी, एकच नाव उच्चारले आणि तसे लिहूनही दिले.

*

त्या आठवड्यात डॉ. नेवियांनी जे लिहिले, त्यासारखे त्यांनी पूर्वी काही लिहिले नव्हते. ‘मौनाचे अर्थशास्त्र’ असे निबंधाचे नाव. श्योर बोनोचा कंजूषपणा हा पैशाचा नसून अभिव्यक्तीचा आहे; शब्द हे नाणे आहे आणि ते न उधळणे ही पात्राची नैतिकता; एका निरक्षरप्राय पाथरवटाला जे उमगले ते समीक्षकांना शंभर वर्षे उमगले नाही. एक प्रत राजधानीतल्या विद्वत्‌पत्रिकेला गेली. सारांश पत्रकासाठी छापखान्यात गेला. बार्बांची कला बोलण्याने डागाळू नये म्हणून तालमी सुरू होईपर्यंत त्यांना भेटायचे नाही, असे डॉ. नेवियांनी ठरवले.

आणि मग श्योरा पेरिनाची तक्रार आली.

चाचणीच्या दिवशी सकाळी बार्बा यादरे परीक्षक बाईंच्या टेबलाशी बसले होते. टेबलावर कॉफी होती. बार्बांचा हात खिशाकडे गेलेला तिने गल्ल्यावरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ती कप उचलायला गेली तेव्हा टेबलाशी कोणी नव्हते, कप रिकामा होता आणि बशीखाली पैसे होते. श्योरा पेरिनाने पुढे एकच वाक्य जोडले होते, आणि ते पुरे होते: ‘माझ्या उभ्या जन्मात ह्या बेटावर कॉफीच्या टेबलाशी बसलेल्या पुरुषाचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला नाही; ही लाच नाही तर काय दानधर्म आहे?’

बेट हादरले. लाचेचे कोणाला फारसे वाटले नाही. लाच हा व्यवहार आहे. पण कॉफी पाजली! बार्बांचे पत्त्यांतले भिडू उठून दुसऱ्या टेबलाशी गेले, कारण हात सैल सुटलेल्या माणसाबरोबर डाव मांडायचा कसा? त्यांच्या पुतणीची ठरत आलेली सोयरीक अडकली. उधळेपणा रक्तातून उतरतो का, याची मुलाकडचे डॉक्टरांकडे चौकशी करीत होते. रस्त्याने बार्बा निघाले की लोक खिडक्यांची दारे लोटून घेत. तोन्ची तर मिळेल त्याला सांगे, “म्हातारा साठवून साठवून शेवटी फुटला.”

बुलातांच्या आनंदाला पारावार उरला नाही. लाच सिद्ध झाली तर निवड रद्द. निवड रद्द झाली की दारियो, गाणी आणि कात्री. त्यांनी चौकशी समिती नेमली, स्वतःच अध्यक्ष झाले, आणि दारियोला पोशाखाचे माप द्यायला बोलावून घेतले. शिंपी वरच्या मजल्यावर होता, चौकशी खालच्या. मधून मधून वरून गाण्याचे आलाप ऐकू येत.

कॉफीचे पैसे आपणच ठेवले, हे डॉ. नेवियांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. बुलात मान डोलावून म्हणाले, की आरोपीची साक्ष आरोपीच्याच बाजूने पडलेली त्यांनी आजवर पुष्कळदा पाहिली आहे. तेव्हा डॉ. नेवियांनी आपली खरी शस्त्रे बाहेर काढली. बार्बांनी पैसे दिले असते तर ते श्योर बोनो नव्हते. चाचणीत ते श्योर बोनो आहेत हे तिघांनी लेखी मान्य केले. सबब त्यांनी पैसे दिले नाहीत. युक्तिवादात फट नव्हती. बाई बोलत होत्या आणि नगराध्यक्ष खिडकीतून बोटीची वेळ पाहत होते.

“डॉक्टर, एवढं कशाला?” बुलात गोड आवाजात म्हणाले. “बार्बा बसलेत की समोर. त्यांनाच विचारू.”

या माणसाचा आवाज आपण अजून ऐकलेलाच नाही, हे डॉ. नेवियांच्या तेव्हा प्रथमच ध्यानात आले. संहिता, निबंध, नाव, सगळे त्या मिटलेल्या ओठांमागे अडकले होते.

“त्यांना बोलायला लावणं हा त्यांच्या कलेचा अपमान आहे,” त्या म्हणाल्या. पण आवाजाला नेहमीची धार नव्हती. टेबलावर छापखान्यातून त्याच सकाळी आलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. बार्बांच्या हातातही एक प्रत होती, पार शेवटच्या पानापर्यंत वाचलेली.

“बार्बा,” श्योरा पेरिना मागच्या बाकावरून म्हणाली, “एकदा सांगून टाका बाबा. पुतणीचा तरी विचार करा.”

बार्बा उठले. आतल्या खिशातून त्यांनी चार घड्यांचा रुमाल काढला, भिंतीकडे तोंड केले, तोंड पुसल्यासारखे काहीतरी केले आणि वळले. चेहरा एकाएकी भरल्यासारखा दिसत होता. मग ते बोलले. आवाज खणखणीत होता, शब्दन्‌शब्द शेवटच्या बाकापर्यंत जात होता, आणि वरच्या मजल्यावरचे आलाप बंद पडले.

चौकशीची फाईल आता मिटली आहे. भूमिका बार्बांकडेच आहे, संहितेतला स्वल्पविरामही हललेला नाही, पुतणीची सोयरीक दुप्पट मानाने पक्की झाली आहे, आणि दारियो तेलाकडे परत गेला आहे. पत्रक मात्र तसेच वाटले जाते. छापलेला कागद टाकून देणे म्हणजे बेटाचा अपमान, असे नगराध्यक्षांचे मत पडले, आणि या वेळी एकमत खरोखरच झाले. विरोधात असलेल्या एकमेव सदस्य बाईंना शब्द फुटला नाही. तेव्हा त्या वाक्यातले चौथे विधान अद्याप डॉ. नेवियांच्या सहीनिशी उभे आहे. पहिल्या तिन्हींचे सांधे त्यांनी स्वतः मोकळे केले. चौथ्याचे काम आरोपीच्या कबुलीजबाबावर सोपवणे भाग आहे. चौकशीच्या इतिवृत्तातून तो शब्दशः असा:

“कॉफी मी पाजली नाही. पाजीन कशाला? बाई फोन घ्यायला उठल्या, कप अर्धा तसाच. टाकून द्यायच्या लायकीचा नव्हता, मी प्यायलो. हात खिशाकडे गेला, ते खरंय. पण काढायला नाही, ठेवायला; बशीत साखरेच्या पुड्या होत्या. एवढा गुन्हा कबूल. आता हे पत्रक. फुकट होतं म्हणून सगळं वाचलं. चिंतन वगैरे लिहिलंय, तसं काही नव्हतं. तो बदाम मी खाणारच होतो, सगळ्यांनी खाल्ले, मी काय कोणाचं घोडं मारलंय? ओठाशी नेला आणि आठवलं, कवळी घरी कपाटात आहे. बोललो नाही तेही त्याचमुळे. तिच्याशिवाय माझं बोलणं माझं मलाच कळत नाही. भूमिका मिळाली तर लावू, म्हटलं होतं. नुसत्या चाचणीला कवळी कोण झिजवतं?”